मूल कोणाच्या हाती?

पुष्कळांच्या हाती सोपविलेले मूल खरोखर कोणाच्या हाती असते? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर कधी कधी एका जिवाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

पावसाळा आला म्हणजे पुणे शहरातून सिंहगडाकडे माणसांची रीघ लागते. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात मित्रांसह गडावर गेलेला एक तरुण तानाजी कड्याच्या बाजूस दिसेनासा झाला. पुष्कळांनी शोध केला, आणि पाचव्या दिवशी तो गडावरच जिवंत सापडला. देवाची दयाच म्हणावयाची! पण तो जाणता होता. त्याच्या जागी लेकरू असते तर?

अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात २ ऑक्टोबर १९९९ रोजी असेच एक लेकरू हरवले. एका ख्रिस्ती मंडळाची माणसे डोंगरातील नदीकाठच्या वाटेने सहलीस निघाली होती. त्यांच्याबरोबर तीन वर्षांचा एक मुलगा होता. चालता चालता कोणी पुढे गेले, कोणी मागे राहिले, आणि मधल्या अंतरात मूल सर्वांच्या नजरेआड झाले. पुष्कळ दिवस शोध चालला, पण ते सापडले नाही. २००३ साली वाटेच्या वरील चढावर त्याचे कपडे व थोडे अवशेष तेवढे मिळाले.

त्या टोळीत कोणी दुष्ट होता काय? मुळीच नव्हे. एकाच माणसाजवळ मूल असले म्हणजे त्याची नजर मुलावरून हलत नाही. दहा माणसे असली म्हणजे प्रत्येकाला इतर नऊ जणांचा भरवसा वाटतो. हा भरवसा प्रेमातूनच उपजतो, म्हणून तो अधिक फसवा असतो. पैसा वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. जबाबदारीचे तसे नाही. ती वाटून घेतली तरी प्रत्येकावर सबंधच राहते.

वल्हांडण सण आटोपून यरुशलेमेहून परतताना मरिया व योसेफ यांचेही असेच झाले. बारा वर्षांचा येशू सोबतच्या घोळक्यात असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोधले, मागे फिरले, आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला. जिच्या पदरी देवाने आपला पुत्र दिला तिलाही जे घडले, त्यावरून दुसऱ्या आईबापांना बोल लावण्यास आमची जीभ धजू नये. त्या घोळक्याशी ती दोघे भांडल्याचे लूक लिहीत नाही. ती दोघे मागे फिरली एवढेच तो सांगतो. दोष कोणाचा हे ठरवीत बसणे म्हणजे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे होय. मागे फिरणे म्हणजे ते आपल्या डोक्यावर घेणे होय.

आणि शंभर मेंढरांच्या दृष्टांतातील मेंढपाळास एक मेंढरू हरवल्याचे कळले कसे? त्याने मोजली होती म्हणून! आपल्याकडील धनगरही सांजेस वाड्याच्या तोंडाशी उभा राहून मेंढरे मोजतो. ज्याची गणती नाही त्याचा शोधही नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. मुलांना डोंगरावर, जत्रेस किंवा सभेस नेताना प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाच्या हाती नाव घेऊन सोपवावे. निघताना, प्रत्येक मुक्कामावर व परतताना मोजणी करावी. सर्वांत लहान पावलांच्या चालीने सर्वांनी चालावे, आणि शेवटी एक वडीलधारा असावा. मुलांनाही शिकवावे की वाट चुकल्यास भटकू नये. एका झाडापाशी थांबून हाका माराव्यात. अमेरिकेत १९८१ साली नऊ वर्षांचा एक मुलगा रानात हरवून मरण पावला, त्यानंतर तेथील शोधकऱ्यांनी हाच धडा मुलांना देण्यास आरंभ केला.

मूल कोणाच्या हाती, असे कोणी विचारले तर “आम्हां सर्वांच्या” हे उत्तर गोड आहे, पण पुरे नाही. उत्तरात एका माणसाचे नाव आले पाहिजे, आणि त्या माणसाला ते ठाऊक असले पाहिजे.