जागेसाठी प्रार्थना करताना



एप्रिल-मे महिन्यांत मिस्साबलिदानासाठी दिल्या जाणाऱ्या हेतूंत एक हेतू हमखास असतो: 'मुलाला (किंवा मुलीला) मेडिकलला जागा मिळावी म्हणून.' २०२४ साली ५ मे रोजी आणि २०२५ साली ४ मे रोजी 'नीट' परीक्षा झाली. दोन्ही वेळा वार रविवार होता. अशा रविवारी सकाळी वेदीसमोर आणि दुपारी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर आपण आईवडील एकच मागणे मागत असतो.

या मागण्याचा आपण कधी शांतपणे विचार केला आहे का? २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली. देशभरातील एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. मेणबत्त्या कितीही लावल्या तरी जागा वाढत नाहीत. आपल्या मुलाला जागा मिळते तेव्हा ती दुसऱ्या कोणाला तरी मिळत नाही, आणि त्या मुलाची आईही कुठेतरी हात जोडून बसलेली असते. मग आपली प्रार्थना नकळत तिच्या लेकराविरुद्ध होते का?

मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २०) अशीच एक आई भेटते. याकोब आणि योहान या आपल्या मुलांना प्रभूच्या राज्यात उजवी-डावीकडची जागा मिळावी, असे ती मागते. प्रभू तिला रागावत नाही. मुलासाठी मागणे हे पाप नव्हे. पण तो मुलांनाच विचारतो: माझा प्याला तुम्हाला पिता येईल का? आणि मग सर्व शिष्यांना मोठेपणाचा अर्थ सांगतो: सेवा.

हाच प्रश्न आपण आपल्या मुलांना विचारतो का? डॉक्टर का व्हायचे, हे विचारायच्या आधीच आपण क्लासची फी भरून मोकळे होतो. जागा हेच सर्वस्व झाले की वाटही वाकडी होते. २०२४ साली हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. तो पेपर विकत घेणाऱ्या घरांतही कदाचित देवापुढे दिवा लागला असेल. आपल्या राज्यात सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्यांवर एक वर्षाच्या सेवेचे बंधन आले, पण अनेक वर्षे दहा लाख रुपये भरून ते टाळता येत असे. अनेकांनी ते टाळलेही. मागताना प्रभूची जागा, आणि मिळाल्यावर ती फक्त आपली!

या परीक्षेत एक बरोबर उत्तर चार गुण देते, एक चुकीचे एक गुण कापते. तेवढ्याने क्रमांक हजारोंनी खाली-वर होतो. म्हणून ज्याला जागा मिळाली त्याने गर्व करू नये. ती रुग्णांची ठेव आहे, आपल्याकडे सांभाळायला दिलेली. आणि ज्याला मिळाली नाही, त्याच्याकडे आपण मिस्सानंतर चर्चच्या आवारात 'किती गुण पडले?' असे विचारत जाऊ नये.

२८ एप्रिल हा संत जियाना बेरेटा मोल्ला यांचा स्मृतिदिन. इटलीतील या डॉक्टर बाईंना मिशनरी डॉक्टर म्हणून ब्राझीलला जायचे होते. प्रकृतीमुळे ते जमले नाही. त्यांनी आपल्या गावाजवळच्या मेझेरोत १९५० साली दवाखाना उघडला. एक दार बंद झाले, पण पाचारण संपले नाही. २००४ साली पवित्र सभेने त्यांना संत घोषित केले.

तेव्हा मुलासाठी जरूर प्रार्थना करू या. त्याला शांत मन आणि प्रामाणिक हात मिळावेत, आणि ज्या जागी त्याची गरज आहे तिथे प्रभूने त्याला न्यावे, असे मागू या. शेवटी बाहेर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या आईच्या लेकरासाठीही एक 'नमो मरिया' म्हणू या.