काचेखालचा कण

नव्या मोबाइलवर टेम्पर्ड ग्लास बसवण्याच्या कामात प्रत्यक्ष काच बसवणं हा सगळ्यात छोटा भाग असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, दादर स्टेशनबाहेर किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर घटकाभर उभं राहून बघावं. काच फोनवर टेकते, मधोमध एक बोट दाबलं की तिच्याखालचा गोंद आपसूक कडांपर्यंत पसरतो आणि काम संपतं. याला काही सेकंद लागतात. त्याआधीची चार-पाच मिनिटं काउंटरमागचा मुलगा नुसता पुसत असतो.

गिऱ्हाइकाचं लक्ष त्या पुसण्याकडे नसतं, भावाकडे असतं. "साधी शंभर, फुल ग्लू दीडशे, प्रायव्हसी घेतली तर तीनशे. काका, कुठली टाकू?" दीडशेची मागत मागत एकशेवीसला पटते. मुलगा डोक्यावरचा पंखा बंद करतो. उकाड्यात काका वैतागतात. "अरे, नवा कोरा फोन आहे, आत्ता खोक्यातून काढलाय. पुसतोस काय एवढा?"

"काका, धूळ खोक्यात नसते, हवेत असते. मी काच उचलेपर्यंत येऊन बसते."

काचेच्या पाकिटात दोन चपट्या पुड्या असतात. एकीत अल्कोहोलने भिजवलेला रुमाल, दुसरीत कोरडा. ओल्याने बोटांचं तेल निघतं, कोरड्याने ओल. इथवर कुणीही करेल. खरी कारागिरी यानंतर दिसते. मुलगा फोन ट्यूबलाइटखाली धरून तिरपा करतो. समोरून आरशासारखा लख्ख दिसणारा पडदा तिरप्या उजेडात वेगळाच दिसतो: इथे एक धागा, तिथे एक ठिपका. आता तो फडकं हातात घेत नाही. कोरडं फडकं फार घासलं की काचेवर स्थिर वीज साठते आणि ती आसपासची धूळ उलट ओढून घेते, हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नसतं. तो चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळतो आणि एकेक ठिपका टिपून घेतो. मग काचेच्या मागची फिल्म सोलतो आणि क्षणही न दवडता काच खाली सोडतो. घरी ऑनलाइन मागवलेली काच लावणारे काही जण त्यासाठी न्हाणीघर गाठतात. गरम पाण्याच्या वाफेने हवेतली धूळ खाली बसते, म्हणून आंघोळीनंतरचा मुहूर्त.

एवढी सगळी उस्तवार एका कणासाठी. काच बसल्यावर खाली बुडबुडे दिसतात, त्यांच्या दोन जाती आहेत. एक नुसत्या हवेचा. कार्डाच्या कडेने तो बाहेर सरकवता येतो, बारीकसा असेल तर दुसऱ्या दिवशी आपला आपणच गेलेला असतो. दुसऱ्याच्या पोटात कण असतो. त्या कणाने काच केसभर उचलून धरलेली असते आणि भोवती हवेचं कडं तयार झालेलं असतं. त्याला कितीही दाबा, तो जात नाही. दाबलं की चपटा होतो, बोट काढलं की पुन्हा फुगतो.

हे कण दिसतात तितके बापुडवाणे नसतात. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी मांडली. एक नंबरला शंखजिरं, दहाला हिरा. वरच्या नंबरचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं, इतका साधा हिशेब. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिचा नंबर सात. साधी काच साडेपाचच्या आसपास. आपण खिशातल्या नाण्यांना आणि पितळी किल्ल्यांना भितो, पण ती बहुधा काचेपेक्षा मऊ असतात. पडद्यावर बारीक रेघा उमटवते ती खिशाच्या तळाशी बसलेली वाळू. गारगोटीच्या जातीचा एवढासा कण काचेला पुरून उरतो.

काचेच्या पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत '९ एच' छापलेलं असतं. घेणारा समजतो, दहापैकी नऊ, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. हा आकडा मोसच्या पट्टीवरचा नाहीच, तो पेन्सिलीचा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्यांना बी आणि एच आठवत असतील. बी मऊ आणि काळी, एच कठीण आणि फिकट. ९ एच ही त्या माळेतल्या सगळ्यात कठीण पेन्सिलींपैकी एक. तिने ओरखडा पडला नाही, इतकंच ते पाकीट सांगतं. पेन्सिलीला पुरी पडणारी काच वाळूच्या कणाला पुरी पडेलच असं नाही.

म्हणून काच लावूच नये, असं मात्र नाही. फोनचा मूळ पडदाही काही लेचापेचा नसतो. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने रसायनाच्या मदतीने बळकट केलेली काच १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली होती. तेव्हा तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ती बाजूला पडली. २००७च्या पहिल्या आयफोनसाठी ओरखडे न पडणारी काच हवी झाली, तेव्हा जुनी विद्या पुन्हा कामी आली. पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, सुमारे ४०० अंश सेल्सिअसला, काच बुडवून ठेवतात. पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीने बसतात. काच थंड झाली तरी ही दाटी कायम राहते. बारीक चीर उघडायला बघते, पण या दाटीच्या दाबामुळे तिला उघडता येत नाही. मात्र ओरखडा हा दाबाचा थर ओलांडून खोल गेला की पुढच्या एखाद्या पडण्याला तिथेच वाट मिळते. वरून लावलेली शंभर रुपयांची काच हे ओरखडे स्वतःच्या अंगावर घेते. तेवढ्यासाठी ती लावावीच.

प्रश्न लावण्याचा नाही, क्रमाचा आहे. काच बसली की बाहेरची धूळ आत येऊ शकत नाही. पण आधीच आत राहून गेलेल्या कणाचं काय? त्यालाही आता कुणी हात लावू शकत नाही. बाहेर असता तर सदऱ्याच्या टोकाने पुसला गेला असता, फुंकरीने उडाला असता. काचेखाली तो फोनइतकाच सुरक्षित असतो. संरक्षण भेदभाव करत नाही. ज्या क्षणी आपण झाकतो, त्या क्षणी आत जे काही असेल त्या सगळ्याला अभय मिळतं, मालालाही आणि मळालाही.

लोणचं घालणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक असतं. कैरी धुऊन पुसून कोरडी करतात, बरणी उन्हात वाळवतात, डाव ओला नाही ना हे दोनदा बघतात आणि मगच बरणीच्या तोंडाला दादरा बांधतात. आत थेंबभर पाणी राहिलं असेल, तर दादरा जितका घट्ट तितकी बुरशीची सोय.

माणसांच्या व्यवहारात आपण हा क्रम सहज विसरतो. भावाभावांत वाटणी होते, कागदावर सह्या होतात. आईच्या पाटल्या थोरलीकडे कशा गेल्या, हा प्रश्न धाकटीच्या ओठांवर येतो, तेवढ्यात कुणी वडीलधारं म्हणतं, "आता विषय नको. सणासुदीचे दिवस आहेत." सगळे गोड बोलून उठतात. पुढे दरवर्षी गणपतीला एकत्र आरती होते, मोदक होतात, फोटो निघतात. वरून सारं चकचकीत असतं. आणि मग एखाद्या लग्नात, आहेराच्या साडीसारख्या भलत्याच निमित्ताने, पाटल्या बाहेर येतात. ऐकणाऱ्यांना नवल वाटतं, इतक्या वर्षांनी हिला सगळं तपशीलवार कसं आठवतं? आठवणारच. उघड्यावर राहिलेला राग बोलण्यात, भांडणात, थट्टेत झिजून जातो. झाकलेल्या रागाला वारा लागत नाही, तो ठेवल्या दिवसाइतकाच ताजा राहतो. ज्या वडीलधाऱ्याने घर सांभाळलं असं सगळे म्हणतात, त्याने घराबरोबर तो रागही सांभाळलेला असतो.

संस्थांचंही असंच. तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "बाहेर बोलू नका, संस्थेचं नाव खराब होईल." नाव जपायला हवंच, पण त्या एका वाक्याने चांगलं काम करणाऱ्या पन्नास जणांना जितकं कवच मिळतं, तितकंच वाईट वागणाऱ्या एकाला मिळतं. उलट त्यालाच ते जास्त कामाला येतं. पन्नास जणांना कवचाची गरज कधीमधी पडते, त्याला रोज पडते.

पुढे पुढे तर खरी वस्तू कोणती आणि आवरण कोणतं, हेही कळेनासं होतं. ऑक्टोबर २०१९मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस १० या फोनबाबत असंच घडलं. त्याचा बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर पडद्याखाली बसवलेला होता. पडदा झाकणारं सिलिकॉनचं एखादं कव्हर लावलं, की काही फोन मालकाखेरीज दुसऱ्याच्या बोटानेही उघडू लागले. कंपनीने कारण सांगितलं ते असं, की कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षीच सेन्सर ठसा म्हणून ओळखत होता. दुरुस्ती लवकरच सॉफ्टवेअरमधून आली. तोवर वापरणाऱ्यांना सल्ला होता, कव्हर काढा, जुने ठसे पुसून टाका आणि ठसा नव्याने नोंदवा. फोन जपण्यासाठी घेतलेल्या वस्तूने फोनचं कुलूप सताड उघडं टाकलं, कारण फोन मालकाऐवजी कव्हर ओळखू लागला. प्रतिष्ठेला जपता जपता माणसाला विसरलेल्या घरांची आणि संस्थांची गत याहून वेगळी नसते. आणि इलाजही तोच. आवरण बाजूला करा, जुनं पुसा, पुन्हा नीट ओळख करून घ्या.

महाराष्ट्राला हा क्रम एका माणसाने खराटा हातात घेऊन दाखवला आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायला लागत आणि कीर्तन रात्री करत. झाडता झाडता गटार, उकिरडा, देवळामागचा घाणेरडा कोपरा, जे गावाने पाठीशी टाकलं होतं ते सगळ्यांसमोर यायचं. रात्री कीर्तनात बाबा लोकांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तरं देत. दिवसा रस्ता, रात्री मन, दोन्हीकडे काम झाडण्याचंच. गुळगुळीत बोलून गावाला बरं वाटायला लावणं त्यांना जमलं नसतं असं नाही, पण त्यांनी ते केलं नाही.

काचेच्या कामात आणखी एक शहाणपण आहे. काच बसवून झाली आणि बरोबर मधोमध कण दिसला, तर चांगला कारागीर गिऱ्हाइकाची समजूत घालत बसत नाही. "दोन दिवसांत जाईल" हे तो हवेच्या बुडबुड्याबद्दल म्हणतो, कणाबद्दल नाही. तो नखाने कोपरा उचलतो, चिकटपट्टी आत सरकवून कण टिपतो, पुन्हा बसवतो. तेवढ्यानेही जमलं नाही, तर ती काच कचऱ्याच्या डब्यात टाकून दुसरी काढतो, पदरचे काही रुपये गेले तरी. ती काच फोनसाठी आहे, फोन तिच्यासाठी नाही, याचा त्याला विसर पडत नाही. आपल्याला मात्र गोड बोलून बसवलेला सलोखा पुन्हा उचलणं जिवावर येतं. एवढं छान मिटलंय, कशाला उकरा? पण उकरल्याने जो सलोखा तुटतो, त्यातला वाद मिटलेला नव्हताच, नुसता झाकलेला होता.

म्हणून आज एखादा वाद मिटवायची वेळ आली, तर "झालं गेलं विसरून जा" हे वाक्य थोडं लांबणीवर टाकावं. त्याआधी समोरच्याला विचारावं, "अजून काही मनात राहिलंय का?" पहिलं उत्तर बहुतेक "नाही" असंच येईल. त्यावर लगेच हात मिळवायची घाई न करता जरा वेळ गप्प बसावं. खरं उत्तर त्यानंतर येतं. ते ऐकायला जड जाईल, चहा गार होईल, एखाद्याचा आवाजही चढेल. चढू द्यावा. एवढं करून जो समेट होईल, त्याला वरून कसलंही आवरण घातलं नाही तरी चालेल.