एका वर्णाचे चार क्रमांक

लिपीतील अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारी आकृती की त्या आकृतीतून व्यक्त होणारा वर्ण, हा प्रश्न संगणकामुळे पुन्हा ऐरणीवर आला असला तरी तो मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. संगणक मजकूर साठवतो तो क्रमांकांच्या रूपाने. जगभरच्या लिपिचिन्हांना असे क्रमांक नेमून देणाऱ्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीत फॉन्ट बदलला, वळण बदलले, तरी अक्षराचा क्रमांक तोच राहतो. त्यामुळे कोणते दोन आकार एकाच अक्षराचे आणि कोणते दोन निराळ्या अक्षरांचे, याचा निवाडा आधी करावा लागतो. जॉर्जियन वर्णमालेतील ‘अन्’ या पहिल्या अक्षराच्या बाबतीत हा निवाडा एकदा करून पुढे बदलावा लागला.

जॉर्जियन भाषा तीन लिप्यांत लिहिली गेली. बोल्निसी येथील सिओनी चर्चच्या पाचव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात आढळणारी ‘असोम्तावरुली’ सर्वांत जुन्या रूपाची. नवव्या शतकापासून दिसणारी, कोनदार वळणाची ‘नुस्खुरी’ दुसरी. आणि लौकिक व्यवहारातून वाढलेली, आज सर्वत्र वापरात असलेली ‘म्खेद्रुली’ तिसरी. पहिल्या दोन्हींना मिळून ‘खुत्सुरी’, म्हणजे धर्मोपदेशकांची लिपी, असे म्हणतात, कारण चर्चच्या हस्तलिखितांत आरंभाक्षरे असोम्तावरुलीत आणि उरलेला मजकूर नुस्खुरीत लिहिण्याचा प्रघात पडला. ‘अन्’चा आकार तिन्ही लिप्यांत वेगळा आहे, उच्चार मात्र एकच, आणि अंक म्हणून मूल्यही सर्वत्र १ हेच.

मीमांसकांच्या दृष्टीने पाहिले तर येथे वाद उरतच नाही. त्यांच्या मते वर्ण नित्य आणि एक असतो. उच्च-नीच, द्रुत-विलंबित हे भेद त्याला व्यक्त करणाऱ्या ध्वनीचे असतात, वर्णाचे नव्हेत, आणि ‘हा तोच ग-कार’ अशी प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वी जाणलेल्याची पुन्हा पटणारी ओळख, हे त्याचे प्रमाण होय. नैयायिक हे मान्य करीत नाहीत. प्रत्येक उच्चारात वर्ण नव्याने उत्पन्न होऊन नष्ट होतो आणि ओळख पटते ती समान जातीमुळे, असे ते म्हणतात. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने नुस्खुरीला म्खेद्रुलीचाच फॉन्टभेद मानले, ते नकळत मीमांसकांच्या वाटेने जाणे होते.

परंतु हा विचार उच्चारलेल्या वर्णाला लागू पडतो तसा लिहिलेल्या अक्षराला पडत नाही. प्रार्थनाग्रंथातील नुस्खुरी ओळ आणि तिच्याखालचे म्खेद्रुलीतील आधुनिक विवरण एकाच क्रमांकांनी साठवले, तर विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर दोन्ही सारखीच दिसतात आणि उपासनेची लिपी व्यवहाराच्या लिपीत विरून जाते. आकार जेथे ग्रंथाचे प्रयोजन सांगतो, तेथे तो वर्णाचे केवळ बाह्य आवरण राहत नाही. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून द्यावे लागू नये, कारण पोथीसाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी ही विभागणी महाराष्ट्राने शतकानुशतके पाळली. मोडीलाही युनिकोडमध्ये २०१४ साली देवनागरीहून स्वतंत्र स्थान मिळाले.

जॉर्जियन लिपीच्या बाबतीत ही दुरुस्ती २००५ साली झाली. नुस्खुरी स्वतंत्र झाली आणि २०१८ मध्ये म्खेद्रुलीच्या शीर्षकांसाठीची ‘म्तावरुली’ ही ठळक रूपेही वेगळी नोंदली गेली. आज दशमान पद्धतीने मांडल्यास ‘अन्’चे क्रमांक ४२५६, ११५२०, ४३०४ आणि ७३१२ असे चार आहेत. एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही, असा युनिकोडचा नियम असल्याने ते यापुढेही टिकतील. मात्र ही नित्यता मीमांसकांच्या शब्दासारखी स्वयंसिद्ध नसून माणसांनी एकमेकांना दिलेल्या वचनावर उभी आहे. म्हणूनच कोणत्याही लिपीचे क्रमांक ठरवण्यापूर्वी, ती लिपी ज्यांच्या उपासनेत आणि वाचनात आजही वावरते, त्यांचे मत प्रथम घेतले पाहिजे.