सोमवारची गाडी

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये बंगल्यांच्या बागा राखणाऱ्या एका माळ्याकडे 1972 सालचा शेव्हरोले सी-10 पिकअप होता. सोमवार ते शनिवार त्यात गवत कापायची दोन यंत्रं, ब्लोअर, फावडी आणि परतताना कापलेल्या गवताची पोती. रविवारी मात्र तो ट्रक पोराचा. पोराने बापाच्या हातापाया पडून तो खाली बसवून घेतला होता, पुढून चार इंच आणि मागून सहा.

त्या वस्तीत गाडी जमिनीलगत चालवणं हा नुसता शौक नाही, तिथल्या मेक्सिकन घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली मिजास आहे. विटियर बुलवार्ड या तिथल्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची रांग हळूहळू सरकायची आणि लोक फुटपाथवर उभे राहून बघायचे. सरकारला ते खुपलं. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली येता कामा नये, असा कायदा 1950च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झाला. त्यावर 1959मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. तो गेला की परत खाली! हे निर्बंध पार 1 जानेवारी 2024ला उठले. त्यामुळे आमच्या या पोराला पोलिसांची भीती नव्हती. त्याचं दुखणं वेगळंच होतं.

दिसायला ट्रक झकास, पण रस्त्यावरचा जोड आला की मागून असा दणका बसायचा की दात वाजायचे. दोस्त म्हणाले, स्प्रिंग कडक आहेत. कुणी म्हणालं, शॉकअप जुने आहेत. मग पोराने उन्हाळ्यातली कमाई ओतून चांगले महागाचे शॉकअप आणले, नायट्रोजन भरलेले. बसवले. दणका होता तिथेच होता. तो उगाच चिडला नाही, एवढे पैसे घातल्यावर कोण चिडणार नाही? पण महागाची वस्तूसुद्धा मूळ मापाचीच होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी तो जुन्या पिकअपचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेला. काउंटरवर साठीची बाई बसली होती, चष्मा कपाळावर, हाताला ग्रीस.

"सेन्योरा, मला मागे सहा इंच आखूड शॉकअप हवेत आणि पुढे चार इंच आखूड."

"का?"

"ट्रक तेवढा खाली आहे म्हणून."

"नाही द्यायची," बाई म्हणाली.

पोराला वाटलं, माल शिल्लक नसेल. माल होता. मागच्या फळीवर खोकी रचून ठेवलेली त्याला दिसत होती.

"पुढचे चार इंच कसे काढलेस?" तिने विचारलं. त्याने सांगितलं, अडीचेक इंच चाकाचा स्पिंडल बदलून, बाकीचे स्प्रिंगने. "मग स्पिंडलचे अडीच इंच शॉकअपला ठाऊकच नाहीत. स्पिंडलने फक्त चाक वर सरकतं, चाक धरणारा आर्म होता तिथेच राहतो, आणि शॉकअप आर्मला बांधलेला असतो. उरलेल्या दीड इंचातलंही सगळं त्याच्या वाट्याला येत नाही, कारण तो चाकापासून आत, आर्मच्या मधल्या भागात बसतो. चार इंच आखूड दिला तर जॅक लावल्यावर चाक त्याच्यावरच लोंबकळेल आणि रस्त्यावर खड्डा आला की दांडा ओढून निघेल."

"मग कडक द्या. मागे ओझं असतं."

"ओझं स्प्रिंग पेलतो, मिहो. शॉकअप पेलत नाही."

ही गैरसमजूत आपल्या गॅरेजांतही तेवढीच जुनी आहे. गाडी मागून बसली की लोक शॉकअपला शिव्या घालतात, पाट्यांकडे कुणी बघत नाही. शॉकअपच्या आत तेल असतं, तेलात बारीक भोकांचा पिस्टन. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि स्प्रिंगचं झुलणं आवरतं. बस, एवढंच त्याचं काम. पण ते करायला पिस्टनला दोन्ही बाजूंनी सरकायला जागा लागते. जागा संपली की आतला दांडा तळाला आदळतो, आणि मग तो शॉकअप राहत नाही, लोखंडी खुंटा होतो.

"मला तीन आकडे आणून दे," बाई म्हणाली. "चाक पूर्ण वर गेल्यावर वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत किती. चाक लोंबकळतं सोडल्यावर किती. आणि गाडी आपल्या चार चाकांवर उभी असताना किती."

"कॅटलॉगमध्ये असतील की."

"कॅटलॉगमधला ट्रक तुझा नाही."

खरं आहे. कॅटलॉगमधला ट्रक म्हणजे स्थळाच्या फोटोतला नवरदेव. फोटो खोटा नसतो, पण संसार फोटोशी करायचा नसतो.

पोरगा घरी आला. फ्रेमखाली स्टँड लावून त्याने मागची चाकं अधांतरी केली. आधी अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडून, स्प्रिंग ढिले पडायच्या बेताला दोन बोल्टांमधलं अंतर घेतलं, साडेपंधरा इंच. मग स्प्रिंग काढले. ते काढावेच लागतात, नाहीतर जॅक स्प्रिंग दाबायच्या आधी अख्खा ट्रक उचलतो. अ‍ॅक्सल वर नेता नेता त्याचा हात थांबला. फ्रेमच्या पोटाला, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, रुपयाएवढ्या जागेत रंग उडून लोखंड आरशासारखं चकचकीत झालेलं. तिथे रबरी बंपस्टॉप असायला हवा होता. ट्रक खाली घेताना तो अ‍ॅक्सलला टेकायला लागला, म्हणून दोस्ताने काढून टाकला होता आणि पोराने मान डोलावली होती. तेव्हापासून शेवटचा मार रबराऐवजी शॉकअप खात होता, आणि काही वेळा फ्रेम.

त्याने बुटका बंपस्टॉप आणून बसवला, अ‍ॅक्सल त्याला टेकवला आणि मोजलं, अकरा इंच. सगळं परत जोडून गाडी चाकांवर उभी केली, तेरा इंच. कागदावर आकडे लिहून, छाती जरा फुगवूनच, तो दुकानात गेला.

बाईने कागद बघितला. "हा तेरा इंच कुठल्या दिवशीचा?"

"म्हणजे?"

"रविवारच्या गाडीचा की सोमवारच्या?"

पोरगा गप्प. यंत्रं, फावडी, पोती हे सगळं त्याच्या हिशेबात नव्हतंच. ते बापाचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप कामावरून आला तेव्हा गाडी रिकामी करण्याआधीच पोरगा टेप घेऊन चाकाशी वाकला. साडेअकरा.

म्हणजे बंपस्टॉपपर्यंत उरला अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचात जगातला कुठला शॉकअप काय करणार? शंभर डॉलरचा आणा नाहीतर हजाराचा. आणि बाप आठवड्याचे सहा दिवस हीच गाडी चालवत होता.

"कंबर दुखते का?" पोराने विचारलं.

"माळ्याची कंबर दुखतेच," बाप म्हणाला आणि पोती उतरवायला लागला.

पोराने मागचे स्प्रिंग दोन इंच उंच घेतले. सहाऐवजी चार. हे लिहायला सोपं आहे, पण त्या वस्तीत दोन इंच म्हणजे काय हे त्यालाच माहीत. रविवारच्या रांगेत त्याच्या मागच्या चाकावर बोटभर जास्त फट दिसणार होती, आणि ती ज्याला दिसणार नाही असा माणूस त्या रस्त्यावर फिरकत नाही. एकाने विचारलंच, "काय रे, घाबरलास?" पोराने खांदे उडवले.

उंची बदलली म्हणून त्याने मापं पुन्हा घेतली. पूर्ण वरचा आकडा तोच राहिला, अकरा. लोंबकळतीचा वाढला. आणि ओझ्यानिशी उभी गाडी आता त्या दोन आकड्यांच्या जवळपास मधोमध येत होती. कागद घेऊन तो तिसऱ्यांदा काउंटरवर उभा राहिला.

बाईने या वेळी काही विचारलं नाही. मिटल्यावर अकरा इंचांहून जरा आखूड आणि उघडल्यावर लोंबकळतीच्या मापाला पुरून उरेल, अशी मधल्या किमतीची जोडी तिने काढून दिली. पोराची नजर वरच्या फळीवरच्या महागड्या खोक्यांकडे गेली.

"ते रेसवाल्यांसाठी," ती म्हणाली. "तुझा बाप रेस लावतो का?"

"नाही, पण ते लाल आहेत."

"लाल असले म्हणून काय?"

"छान दिसतात."

"खाली वाकून कोण बघणार? रस्त्यावरची कुत्री?" तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बिल फाडलं. "पुढच्यांची मापं पण घेऊन ये. आणि या वेळी पहिल्या फेरीतच सोमवारची आण."