टोपीवरील रत्न व उरावरील रत्न

शास्त्रपाठ : निर्गम 28:15-29, याकोब 2:1-4, प्रकटीकरण 21:14-20.



चीन देशात छिंग घराण्याचे राज्य 1644 पासून 1912 पर्यंत होते. त्या राज्यात अंमलदारांच्या नऊ पायऱ्या असत, आणि कोण कोणत्या पायरीचा हे त्याच्या टोपीच्या शेंड्यावरील मण्यावरून ओळखीत. पहिल्या पायरीस माणिक, दुसरीस पोवळे, तिसरीस नीलमणी, चौथीस लाजवर्द, पाचवीस स्फटिक, सहावीस पांढरा शिंपला, आणि खालच्या तीन पायऱ्यांस सोनेरी मणी. परंतु हा मान किती कच्चा होता पाहा. अंमलदार अपराधी ठरला की त्याचा मणी काढून घेत. पुष्कळदा रत्नाच्या जागी त्याच रंगाची काच बसवीत. आणि तिजोरी रिकामी झाली म्हणजे पदव्या पैसे घेऊनही देत. शेवटी 1912 साली बादशाहीच गेली, आणि तिच्यासंगे माणिकाचा व सोनेरी मण्याचा भेदही गेला.

आता देवाने सांगितलेली रत्ने पाहू. अहरोनाच्या ऊरपटावर चार रांगांत बारा रत्ने सोन्याच्या कोंदणांत बसविली होती, व प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका पुत्राचे नाव कोरले होते. त्यांत लेआ व राहेल यांचे पुत्र होते, तसेच बिल्हा व जिल्पा या दासींचे दान, नफताली, गाद व आशेर हेही होते. दासीपुत्र म्हणून कोणाचे नाव काचेवर कोरले नाही. आणि ती रत्ने कोणी आपल्या डोक्यावर मिरवावी म्हणून नव्हती. याजक पवित्रस्थानात जाई तेव्हा सर्वांची नावे आपल्या हृदयावर वाहून नेई.

तसेच नव्या यरुशलेमेचे. तेथे रत्ने कळसास नाहीत, तटाच्या पायांस आहेत. आणि त्या पायांवर ज्यांची नावे आहेत त्यांत मासे धरणारे आहेत व जकातदारही आहे. कोणते रत्न कोणाचे, हे शास्त्राने सांगितलेच नाही. पायाच्या दगडाचे काम भार वाहणे, हे गवंड्यास ठाऊक आहे.

आम्ही टोपीवर मणी लावीत नाही हे खरे. पण मनात लावितो की नाही? नवे कुटुंब उपासनेस आले असता त्यांचे पूर्वीचे कुळ कोणते हे आम्ही आधी विचारितो काय? प्रभुभोजनाच्या वेळी प्याला कोणाच्या हातून आला हे पाहून कोणाचे ओठ मागे सरतात काय? घड्याळवाल्यास पुढची सतरंजी आणि मोलकरणीस दाराजवळची जागा, असे होते काय? याकोबाने सोन्याच्या अंगठीवाल्याविषयी ज्यांस दटाविले, ते विश्वासणारेच होते.

उपदेशकबंधूंनो, येत्या रविवारी उपासनेनंतर गावातील ज्या घरी अद्याप कोणी पाणी प्यायले नाही, त्या घरी आधी जा, बसा व पाणी मागून घ्या. त्या घरचे नावही आमच्या महायाजकाच्या हृदयावर कोरलेले आहे. ज्यास त्याने उरावर धरिले त्यास आम्ही दाराबाहेर ठेविले, तर त्याच्यापुढे काय उत्तर देऊ?