सावकाराचा गुडघा

आमच्या शाळेत चित्रकलेची वही म्हटलं की मुलांना दोनच शब्द आठवतात: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. स्थिरचित्रात तांब्या नि वांगी, स्मरणचित्रात बाजार नाहीतर एसटी स्टँड, संकल्पचित्रात पाकळ्याच पाकळ्या. ग्रेड मिळाली, दहावीला वाढीव गुण पदरात पडले की वही रद्दीत. आजरा तालुक्यात तीस वर्षं मी ही चित्रं तपासली. त्यांतलं एकही आता डोळ्यांपुढे येत नाही. एक वही मात्र येते, आणि तिला कुणी ग्रेड दिली नव्हती.

ती नववीतल्या एका पोराची. त्या वर्षी स्नेहसंमेलनात एक नाटुकलं बसवत होतो. कर्ज, सावकार, गेलेली जमीन, असलं काहीतरी. आवाज मोठा म्हणून सावकार ह्याला दिला. पहिल्याच तालमीला पठ्ठ्यानं मिशीला पीळ दिला, डोळे वटारले आणि गडगडाटी हसला. पोरं खूश. मला काही ते पटेना. असला सावकार मी जन्मात पाहिला नाही. जे पाहिले ते आधी चहा विचारायचे.

"खरा सावकार कुणासारखा असेल रे?"

"आमच्या आबासारखा," तो ताडकन म्हणाला.

आबा म्हणजे थोरला चुलता. घर एकच, मध्ये नवी भिंत घातलेली. भांडण बांधाचं. आबांनी बांध हातभर सरकवला असं ह्यांचं म्हणणं; तो हातभर धाकट्यानंच आधी खाल्ला होता असं त्यांचं. बाहेरच्याला वाटेल, हातभर जमीन ती काय! पण त्या हातभरात घनसाळ पिकतो. चुलीवर चढला की गल्लीला कळतं असा तांदूळ. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अभिमान दोन्ही भावांना सारखाच झाला. तो एकमेकांना सांगायची सोय मात्र नव्हती, बोलणं बंद होतं.

मी पोराला एक बिनरेघांची वही दिली, फोरबी पेन्सिल दिली आणि म्हटलं, "आबा काढून आण."

दुसऱ्या दिवशी आबा आले ते सुळ्यांसकट. भुवया कपाळावर चढलेल्या, हातात चाबूक. (चाबूक! आबांच्या गोठ्यात बैलसुद्धा उरला नव्हता.)

"हा तुझा राग झाला. झकास उतरलाय, ते पान फाडू नको. आता आबा काढ. आठ दिवस तोंड काढायचं नाही. हात, पाय, बसणं, उठणं, तेवढंच."

"त्यांच्याकडं बघायचं न्हाई, असं घरात सांगितलंय सर."

"मग परड्यातून बघ."

ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची. सुतारकाम आणि कोरीवकाम करणाऱ्या घरातला हा माणूस, आडनाव मेस्त्री. सिनेमा करायला घेतला की आधी पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली, त्यांची उभं राहण्याची तऱ्हा कागदावर काढायचे आणि मग कॅमेऱ्याकडे वळायचे. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' केला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची, नाडला जाणारा तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. मूकपट! तिथं गडगडाटी हसून भागणार कसं? जे काय सांगायचं ते हातानं, मानेनं, बसण्याउठण्यानं. पोराला एवढंच सांगितलं, "तुझा आवाज गेला असं समज."

सुगीचे दिवस होते. पोरगं परड्यातल्या पेंढीच्या बुचाड्याआड बसून आबांना चोरून बघायला लागलं. पहिली दोन-तीन पानं नुसती गिचमीड. मग टाच आली, भेगांसकट. मग विळ्याला धार लावणारा अंगठा. मग एका पानावर आबा बसताना: एक हात गुडघ्यावर दाबलेला, दुसरा मागे जमीन चाचपतोय, आंधळ्यासारखा. त्या पानाशी मी बराच वेळ थांबलो. माणूस म्हातारा झाला हे तोंडावरून कळतं असं आपण समजतो. ते त्या मागे गेलेल्या पंजात होतं.

आणखी एक पान होतं. आबा तंबाखू मळतायत. त्याच पानावर खाली, नुसता तळहात, त्यावर तंबाखूचे दोन वेगळे भाग.

"हे दोन कशाला?"

"मळून झाली की अर्धी बाजूला काढत्यात. वाईच थांबत्यात. मग समदीच तोंडात टाकत्यात. रोज."

"का?"

"म्हाईत न्हाई सर."

"वडलांना विचार."

त्यानं रात्री विचारलं. वडील म्हणाले, "जेव गप." मग तेच ताटावरून लवकर उठले.

संवादांचं घोडं मात्र अडलं. 'मी तुझी जमीन गिळणार' असलं वाक्य आता त्याच्या तोंडून निघेना. म्हणे, आबा असं बोलणार नाहीत. तेव्हा मी ग्रंथालयातून 'मृत्युंजय' काढून त्याच्यापुढे ठेवलं. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, १९४० चा जन्म. १९६७ साली आलेल्या त्या कादंबरीत सहाजण आपापली कहाणी स्वतः सांगतात. कर्ण सांगतो, कुंती सांगते, वृषाली, शोण, कृष्ण सांगतात. आणि दुर्योधनसुद्धा सांगतो. "फक्त दुर्योधनाचा भाग वाच," म्हटलं, "आणि तो स्वतःला कुठं वाईट म्हणतोय का बघ." पोरानं आख्खं पुस्तक वाचलं नाही, नववीतलं पोर ते. तेवढा भाग वाचला. मग सावकाराची वाक्यं स्वतःच खोडून त्यानं निम्म्यावर आणली.

नवव्या दिवशी तोंड काढलं. घरी चुलीपाशी वही उघडी पडली होती. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं वही नाकाजवळ धरली नि विचारलं, "तुझा बा कवा रं एवढा म्हातारा झाला?"

"बा न्हाई आजी, आबा हाय त्यो."

म्हातारी काही बोलली नाही. वही तिनं पदरानं पुसली, जणू धूर बसला होता.

संमेलनाच्या रात्री सावकार आला. मिशी नव्हती. आला, गुडघा दाबला, मागे हात नेऊन जमीन चाचपली, बसला. चंची काढली, तंबाखू मळली, अर्धी बाजूला काढली, थांबला, सगळी तोंडात टाकली. मग चोपडी उघडून मऊ आवाजात म्हणाला, "तुझी अडचण मला कळत्या, पर व्याज माझ्या हातात न्हाई." मैदानात चिटपाखरू हललं नाही. मागच्या रांगेत आबा होते. नातीचा नाच बघायला आले होते.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत हजर. माझ्या पोटात गोळा. "पोराची वही हाय म्हणं तुमच्याजवळ." नाही म्हणायची छाती झाली नाही. पोराला वर्गातून बोलावलं. आबा बोटाला थुंकी लावत पानं उलटायला लागले. पहिल्याच पानावर सुळे नि चाबूक.

"ह्यो कोण?"

पोर माझ्याकडे बघायला लागलं. मी खिडकीबाहेर. शेवटी तोच म्हणाला, "तुम्हीच, आबा."

"हं." पान उलटलं. टाच, अंगठा, चंची. तळहातावरच्या त्या दोन भागांशी ते थांबले, आणि बोट ओलं करायचं विसरले. मग गुडघा दाबून बसणारा म्हातारा आला.

"आणि ह्यो?"

"तुम्हीच."

आबांनी वही लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाले, "डावा न्हाई दुखत. उजवा."

मी ड्रॉवरमधून खोडरबर काढून दिलं. आबा स्टुलावर पुन्हा एकदा बसून दाखवत होते, पोरगं पुढ्यात उकिडवं बसून रेघ ओढत होतं. पुढचा तास गणिताचा होता. तो त्याचा बुडाला.

बांध अजून होता तिथंच आहे. त्या पानावर गुडघा उजवा आहे, आणि नीट पाहिलं तर डाव्याची खोडलेली रेघही दिसते.