काटा कापूस तोलतो, कष्ट नव्हे



कार्तिकी साधून आपण यवतमाळ जिल्ह्यातील आपापल्या गावी परततो, तेव्हा रानात कापूस फुटलेला असतो. सीतादही होते आणि बायामाणसे ओटी बांधून वेचणीला लागतात. या दिवसांत एक प्रश्न उभा राहतो. मजुराला मोल द्यावयाचे ते कशाचे? राबलेल्या वेळेचे, की झालेल्या कामाचे?

आपल्याकडे दोन्ही रीती आहेत. निंदणाला रोजी असते. दिवस मावळला की ठरलेला पैसा. वेचणीला काटा असतो. जितके किलो तितका पैसा. रोजीविषयी शेतकऱ्याची तक्रार ठाऊकच आहे : "एकीच्या चार ओळी होतात, दुसरीच्या दोन, रोजी मात्र सारखीच!" तक्रार खोटी नाही. धुऱ्यावर बसून वेळ काढणे हे काम नव्हे, जसे टाळ हातात धरून गप्पा मारणे हे भजन नव्हे. म्हणून काटाच बरा, असे कोणालाही वाटेल.

पण काटा काय जाणतो? तो कापूस जाणतो, हात जाणत नाही. आरंभीच्या वेच्यात बोंडे भरलेली असतात, ओटी लवकर भरते. तीच बाई, तेच हात. शेवटच्या वेच्यात कवडी झालेली बोंडे टोचून घेत दिवसभर फिरते आणि कापूस थोडका होतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यातील कपाशी पोखरली, तेव्हा वेचणारीचा काय अपराध होता? "बोंडातच नाही तं हात काय करन, बाप्पा?" असे एखादी माउली विचारील, तर तिला काय सांगावे? शिवाय काट्याला फसवताही येते. दवातला ओला कापूस जड भरतो. घाईने ओरबाडला की पालापाचोळाही तोलला जातो. जी निवडून, स्वच्छ वेचते, तिचेच वजन कमी!

मग न्याय कोणता? १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने रोजगार हमीची कामे काढली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तेथे काम मोजूनच मजुरी ठरे, पण मऊ माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगवेगळे ठेवले होते. खड्डा मोजला, पण भुईलाही विचारले. मर्म येथेच आहे. फळ अवश्य मोजावे. पण ते कोणत्या भुईतून निघाले, हे आधी पाहावे. सरत्या वेच्याला किलोमागे जास्त पैसे देणारा शेतकरी धर्मादाय करीत नाही. तो देणेच फेडतो.

कोणी म्हणेल, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाची आशा सोडावयास सांगितली आहे, मग मजुराने मोलाकडे का पाहावे? येथे सावध असावे, माउली! तो बोध कर्त्याने आपला आपणास करावयाचा आहे. धन्याने मजुराला ऐकवावयाची ती सबब नव्हे. धन्याने त्यातून उलट हेच घ्यावे की, फळ एकट्या कर्त्याच्या हाती नसते. जे त्याच्या हाती नव्हते, त्याची सारी तूट त्याच्याच माथी का मारावी?

हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. त्याचा कापूस बाजारात जातो, तेव्हा तेथला काटाही त्याला विचारीत नाही की बाबा, किती रात्री जागलास, पाऊस किती दिवस रुसला होता. ते दुःख ज्याने भोगले, त्याने तेच दुसऱ्याच्या पदरात घालू नये.

पंढरीत गर्दीमुळे ज्याला गाभारा गाठता येत नाही, तो नामदेव पायरीशी माथा टेकतो, कळसाला हात जोडतो आणि परततो. त्याची वारी उणी झाली असे कोणी म्हणत नाही. आज संध्याकाळी शेतात काटा लावाल, तेव्हा काट्याकडे पाहाच. पण त्याआधी एकदा त्या टोचलेल्या बोटांकडे पाहा.

रामकृष्णहरि.